निश्चल शरीर आणि मूक वेदना

भीतीचें वर्णन करण्यास आपल्या भाषेंत शब्दांची वाण नाहीं. पांचांवर धारण बसणें, हातपाय गळणें, दांतखीळ बसणें, पाय जमिनीला खिळणें, जागच्या जागीं थिजणें, हे सर्व वाक्प्रचार आपण सहज वापरतों. भीतीनें मनुष्य जसा धूम ठोकतो तसाच तो खांबासारखा उभाही राहतो, हें आपल्या पूर्वजांनीं चांगलें निरखिलें होतें असें यांवरून दिसतें. परंतु पळणारा निदान जिवासाठीं कांहीं खटपट तरी करतो आणि थिजणारा मात्र निव्वळ भित्रा अथवा मंदबुद्धि, अशी एक समजूत त्याबरोबरच आपल्यांत रूढ झाली. तिच्या जोडीला दुसरीही एक समजूत आहे व ती अधिक घातक आहे. जो हलला नाहीं, ओरडला नाहीं, त्याला फारसें लागलें नसावें, असें आपण धरून चालतों. या दोन्ही समजुतींचा येथें थोडा विचार करावा असा आमचा हेतु आहे. आणि त्यासाठीं वाचकांस प्रथम आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतील शेतारानांत नेणें आम्हांस सोयीचें वाटतें.

आमच्याकडे कपाशीचें शेत म्हटलें कीं टिटवी आलीच. धुऱ्यावर, पडीत जमिनींत, खड्यांमध्यें ती अगदीं उघड्यावर अंडीं घालते. पुष्कळ वर्षांमागें घाटंजीकडील एका शेतांतून आम्ही चाललों असतां एका टिटवीनें डोक्यावर घिरट्या घालीत एकच गिल्ला केला. पिलें जवळपास असणार हें उघड होतें, पण कोठेंच दिसेनात. बरोबरच्या गड्यानें आम्हांस हातानें थांबविलें आणि आमच्या पायापासून वीतभर अंतरावर बोट दाखविलें. तेथें ढेकळाच्या कडेला ढेकळासारखेंच एक पिलू मान जमिनीला टेकून पडलें होतें. डोळे उघडे होते, पण शरीराचा एक कणही हालत नव्हता. एक मुंगी त्याच्या पाठीवरून चढून पलीकडे उतरून गेली तरी तें तसेंच राहिलें. आम्ही दहापांच पावलें मागें सरलों, आईचा स्वर बदलला, आणि तें ढेकूळ उठून काटकुळ्या पायांनीं तुरुतुरु धांवूं लागलें. गवतांतला ससाही असाच असतो. माणसाचें पाऊल अंगावर पडेपर्यंत तो जागचा हलत नाहीं, आणि मग एकदम बाणासारखा सुटतो. टिपेश्वरच्या जंगलांत चितळाचें नुकतेंच जन्मलेलें पाडस आई चरावयास गेली म्हणजे गवतांत असेंच अंग चोरून पडून असतें.

हें निश्चल राहणें म्हणजे मूर्च्छा नव्हे. बाहेरून जें शरीर दगडासारखें दिसतें तें आंतून कमालीचें जागें असतें. स्नायु ताणलेले असतात, कान व डोळे शत्रूवर लागलेले असतात, आणि हृदयाची गति अशा वेळीं वाढण्याऐवजीं पुष्कळदां मंदावते. शिकारी प्राण्याची नजर आकारापेक्षां हालचालीवर आधीं जाते; म्हणून घार वर तरंगत असतां अथवा बिबट्या दहा हातांवर असतां न हलणें हाच शहाणपणा ठरतो. याहून निराळा असा आणखी एक प्रकार आहे. शत्रूनें प्रत्यक्ष पकडल्यावर सर्व अंग ढिलें पडून प्राणी निपचित होतो. यालाच आपण मेल्याचें सोंग म्हणतों, जरी त्यांत सोंगाचा भाग थोडाच असतो. कोंबडीस हळूच आडवी दाबून धरिली असतां ती सोडल्यावरही कांहीं वेळ तशीच पडून राहते, ही गंमत अथानासियस किर्चर या जर्मन विद्वानानें १६४६ सालींच ग्रंथांत नोंदवून ठेविली आहे. पहिल्या प्रकारांत शत्रूच्या दृष्टींतून सुटण्याची आशा असते. दुसऱ्यांत, मेलेलें समजून त्याची पकड क्षणभर सैल व्हावी एवढीच.

आतां येथें एक अडचण उभी राहते. समजा, सशाच्या पायांत कांटा मोडला आहे किंवा त्याला आधींच जखम झाली आहे, आणि त्याच वेळीं कोल्हा जवळ आला. वेदनेचा स्वभाव असा कीं ती प्राण्यास स्वस्थ बसूं देत नाहीं. पाय झाड, जखम चाट, अंग वळव, अशी आज्ञा ती सारखी करीत असते. एरवीं ही आज्ञा हिताची असते, कारण तिच्यामुळेंच जखमेची काळजी घेतली जाते. पण कोल्ह्यासमोर पाय चाटणें म्हणजे स्वतःचा ठावठिकाणा सांगणें होय. अशा प्रसंगीं वेदनेनें कांहीं काळ गप्प बसणें अवश्य असतें.

आणि ती खरोखरच गप्प बसते, हें १९८० च्या सुमारास स्पष्टपणें मांडलें गेलें. रॉबर्ट बोल्स व मायकेल फॅन्सेलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं त्या वर्षीं असा सिद्धांत पुढें ठेविला कीं, भय व वेदना हीं एकाच दिशेनें ओढणारीं जुळीं भावंडें नसून एकमेकांस दाबून ठेवणाऱ्या दोन शक्ति आहेत. भयाचें काम संकटांतून सुटणें. वेदनेचें काम सुटल्यावर जखम भरून येईपर्यंत शरीरास विश्रांति घ्यावयास लावणें. जोंपर्यंत पहिलें काम संपलें नाहीं तोंपर्यंत दुसऱ्यास वाव मिळत नाहीं. याचा पडताळा उंदरांवर पाहण्यांत आला. उंदराच्या पंजांत जळजळणारें द्रव्य टोंचलें असतां तो पंजा उचलून चाटीत बसतो. पण ज्या पेटींत त्याला पूर्वीं विजेचा धक्का बसला होता त्याच पेटींत त्यास ठेविलें, तर तो पंजाकडे लक्षच देत नाहीं. एका कोपऱ्यांत थिजून राहतो. नुसतें मांजर जवळ आणलें तरीही उंदरांची वेदनेची जाणीव कमी होते असें आढळलें आहे.

ही किमया होते कशानें? येथें अफूची गोष्ट सांगितली पाहिजे. अफूनें वेदना शमतात हें आपल्या वैद्यांस शतकानुशतकें ठाऊक होतें. पण एका फुलाच्या बोंडांतील चिकास मनुष्याच्या मेंदूंत इतका मान कां मिळावा, हें कोडेंच होतें. १९७३ सालीं मेंदूंत अफूसारख्या द्रव्यांसाठीं खास जागा असल्याचें सिद्ध झालें, जणूं एखाद्या कुलुपास विशिष्ट किल्ली बसावी तशा. कुलूप आहे तर घरची किल्लीही असलीच पाहिजे, असा तर्क करून शोध चालला, आणि १९७५ सालीं स्कॉटलंडांतील अ‍ॅबर्डीन येथें जॉन ह्यूज व हान्स कॉस्टर्लिट्झ यांनीं डुकराच्या मेंदूंतून तीं द्रव्यें वेगळीं केलीं. शरीर आपल्या गरजेपुरती अफू आपणच तयार करतें, असा त्याचा साध्या भाषेंत अर्थ. अफूचा अंमल उतरविणारें नॅलॉक्सोन नांवाचें औषध आहे. तें आधीं दिलेला उंदीर भयाच्या पेटींतही पंजा चाटूं लागतो. यावरून त्याची वेदना दाबणारी ती घरचीच अफू होती, हें उघड झालें.

मार्गही आतां बराच कळलेला आहे. मेंदूच्या आंत बदामाच्या आकाराचें एक भयकेंद्र आहे. तेथून संदेश निघतो तो मेंदूच्या मधल्या भागांतील एका अरुंद नळीभोंवतालच्या करड्या थरापर्यंत येतो. या थरास विजेचा सौम्य प्रवाह दिला असतां भूल न देतां उंदरांच्या पोटावर शस्त्रक्रिया करतां आली, असें डेव्हिड रेनॉल्ड्स यांनीं १९६९ सालींच दाखविलें होतें. या थरापासून आज्ञा खालीं पृष्ठरज्जूकडे जाते, आणि हातापायांकडून येणारी वेदनेची वार्ता वेशीवरच अडविली जाते. विशेष असें कीं, या करड्या थराच्या खालच्या भागाकडे शरीर थिजविणें व वेदना दाबणें अशीं दोन्हीं कामें आहेत. वरच्या भागाचा संबंध पळण्याशीं व लढण्याशीं येतो. वेदना तोही दाबतो, पण त्या अफूवर तितकासा अवलंबून न राहतां. १९४५ च्या एप्रिल महिन्यांत इटलींतील सेनिओ नदीच्या कांठीं नगर जिल्ह्याचा नामदेव जाधव हाताच्या जखमेमुळें बंदूक चालवितां येईना तेव्हां ती टाकून हातगोळे फेकीत पुढें गेला व व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी झाला. अशा वीरांची गणना आपण करतों तें योग्यच आहे. पण टिटवीचें पिलू व रणांतील वीर यांचीं केंद्रें मेंदूंत एकमेकांच्या शेजारींच आहेत, हेंही विसरूं नये.

माणसाच्या बाबतींत या स्थितीचें सर्वांत प्रसिद्ध वर्णन डेव्हिड लिव्हिंग्स्टन या प्रवाशाचें आहे. १८४४ सालीं दक्षिण आफ्रिकेंत माबोत्सा येथें एका सिंहानें त्याचा खांदा पकडून, कुत्रा उंदरास हिसडतो तसें त्यास हिसडलें. आपण पुढें लिहिलेल्या प्रवासवृत्तांत तो सांगतो कीं, त्या हिसड्यासरशीं एक प्रकारची गुंगी आली. काय चाललें आहे हें सर्व कळत होतें, पण ना वेदना होती ना भय. धर्मोपदेशक असल्यामुळें त्यानें यांत दयाळू परमेश्वराची योजना पाहिली.

आमच्या जिल्ह्यास हा विषय पुस्तकी नाहीं. घाटंजी व पांढरकवडा या बाजूंस पसरलेलें टिपेश्वर अभयारण्य १९९७ सालीं घोषित झालें. त्याचें क्षेत्र सुमारें १४८ चौरस किलोमीटर आहे. वाघ वाढले हें भूषणच. पण वाघ सीमा ओळखीत नाहीं आणि शेतकऱ्यास शेत सोडवत नाहीं. पांढरकवडा व राळेगांव भागांत २०१६ ते २०१८ या काळांत तेरा माणसांचे मृत्यु एका वाघिणीच्या नांवावर मांडले गेले. कागदोपत्रीं तिचें नांव टी-१; लोक तिला अवनी म्हणत. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं बोराटी गांवाजवळ ती गोळी घालून मारण्यांत आली, आणि तिला मारणें योग्य होतें कीं नाहीं याविषयीं देशभर वाद माजला. वाद करणारे दूर शहरांत होते. ज्या घरांतील माणूस शेतावर गेला तो परतला नाहीं, तेथें मात्र वादाआधीं वेगळाच प्रश्न येतो: शेवटच्या घटकेस त्याला फार यातना झाल्या असतील का?

या प्रश्नास आज जें प्रामाणिक उत्तर देतां येतें तें असें. वाघ बहुधा मागून येतो व मान किंवा गळा धरतो. अशा पकडींत शरीराचीं दारें आंतून बंद होण्याची व्यवस्था निसर्गानें प्राणिमात्रांत करून ठेविली आहे, आणि हिंस्र पशूच्या जबड्यांतून वांचलेल्या कांहीं माणसांची साक्षही तीच आहे. म्हणून त्या माणसास आपण कल्पितों तितकें भोगावें लागलें नसेल, असें मानण्यास आधार आहे. मात्र प्रत्येकाच्या बाबतींत तसेंच घडतें अशी हमी कोणी देऊं नये. दुःखितास धीर द्यावा, पण तो खऱ्याच्या मर्यादेंत द्यावा, असें आम्हांस वाटतें.

आतां ही निसर्गाची दया काय? लिव्हिंग्स्टनच्या श्रद्धेचा अनादर न करतां आम्ही म्हणूं कीं, ही दया असलीच तर ती मोठी हिशेबी आहे. ती प्राण्यास सुख व्हावें म्हणून नसून तो वांचावा म्हणून आहे. ती अल्पकाळ टिकते. संकट टळलें कीं दाबलेली वेदना आपलें येणें वसूल करावयास हजर होते. ससा बिळांत शिरल्यावर लंगडूं लागतो. लिव्हिंग्स्टनचें हाड चुरडलें होतें. तें वेडेंवांकडें जुळलें व त्याचा त्रास त्याला जन्मभर पुरला. १८७४ सालीं त्याचा मृतदेह लंडनला आणला गेला तेव्हां त्या हाडावरूनच तो ओळखला गेला. वेदना जाणवली नाहीं म्हणून इजा झाली नाहीं, असें त्या हाडास कोण म्हणेल?

आमच्या लेखाचा खरा रोख येथेंच आहे. निश्चल शरीर पाहून आपण जो अर्थ लावतों तो बहुतेक वेळां आपल्या सोयीचा असतो. बैलाचेंच पाहा. जुवानें खांदा सोलवटला तरी बैल कुत्र्यासारखा केकाटत नाहीं. याचें कारण नेहमीं तेंच असतें असें नाहीं. ज्यांच्यामागें हिंस्र पशु लागतात अशीं जनावरें आपलें दुखणें दाखविण्यास एरवींही नाखूष असतात, कारण कळपांतील दुबळें जनावर शिकारी आधीं हेरतो. पण पाहणाऱ्याची चूक दोन्हींकडे एकच. आमच्या वऱ्हाडांतील शेतकऱ्यानें ही चूक केली नाहीं याचा आम्हांस अभिमान आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशीं खांदशेकणीस बैलाच्या खांद्यास हळद व लोणी चोळून तो शेकतात. बैल बोलला नाहीं तरी खांदा दुखत असला पाहिजे, हें ज्यानें प्रथम ओळखलें त्याला कोणत्याही प्रयोगशाळेची गरज पडली नव्हती. अलीकडे २०१० सालीं कॅनडांतील संशोधकांनीं उंदराच्या मिटलेल्या डोळ्यांवरून, फुगलेल्या गालांवरून व कानांच्या ठेवणीवरून त्याची वेदना मोजण्याची पद्धत बसविली. जें ओरडत नाहीं त्याचा चेहरा वाचावा, हेंच तिचें सार.

घरांतही हा चेहरा वाचण्याचे प्रसंग थोडे नसतात. मोठ्या कुटुंबांत वडील माणसानें आवाज चढविला म्हणजे एखादें मूल रडतें, एखादें पळतें, आणि एखादें खालीं मान घालून ढिम्म उभें राहतें. पहिल्या दोघांची कींव येते; तिसऱ्यास आपण कोडगा म्हणतों, आणि त्याला कांहींच लागत नाहीं या समजुतीनें आणखी दोन शब्द, प्रसंगीं आणखी दोन चापट्याही, देतों. त्या मुलाच्या शरीरांत ढेकळाआड पडलेल्या त्या पिलासारखीच क्रिया चाललेली असूं शकते. रात्रीं सर्व निजल्यावर पांघरुणांत तेंच मूल हुंदके देत असतें, हें घरांतील एखाद्या आजीस किंवा काकूस बहुधा ठाऊक असतें.

हा गैरसमज न्यायासनापर्यंत पोंचला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण आमच्या विदर्भांतीलच आहे. १९७२ च्या मार्च महिन्यांत तेव्हांच्या चांदा जिल्ह्यांतील देसाईगंज येथें पोलीस ठाण्यांतच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर पीठानें, असहाय होऊन गप्प राहणें म्हणजे संमति नव्हे, असें म्हणून आरोपींस शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयानें मात्र १९७८ सालीं, अंगावर जखमांच्या खुणा नाहींत, प्रतिकाराचा पुरावा नाहीं, असें म्हणून त्यांस सोडलें. १९७९ सालीं उपेन्द्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या चौघा कायदेपंडितांनीं सरन्यायाधीशांस अनावृत पत्र लिहिलें, देशांत चळवळ झाली, आणि १९८३ सालीं कायदा बदलला. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाहीं एवढ्यावरून स्त्रीची संमति मानूं नये, असें २०१३ पासून कायद्यांत स्पष्ट लिहिलें आहे व २०२४ सालीं लागू झालेल्या नव्या संहितेंतही तें कायम आहे. स्वीडनमध्यें स्टॉकहोम येथें अत्याचारानंतर रुग्णालयांत आलेल्या २९८ स्त्रियांची पाहणी २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. तींत सुमारें सत्तर टक्के स्त्रियांनीं त्या वेळीं आपलें शरीर लक्षणीय प्रमाणांत निश्चल झाल्याचें सांगितलें. आणि ज्यांचें तसें झालें होतें त्यांस पुढें मानसिक व्याधि होण्याचें प्रमाणही अधिक आढळलें. ज्या निश्चलतेस न्यायालयानें प्रतिकाराचा अभाव मानलें, ती शरीराची सर्वांत जुनी संरक्षणाची रीत आहे; ती इच्छेनें येत नाहीं आणि इच्छेनें जातही नाहीं.

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं मुलें, वृद्ध, गुरें यांचा राबता असेल. त्यांच्यासाठीं यांतून दोनच गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. रस्त्यावरील अपघातांतून किंवा झाडावरून पडून आलेला माणूस, मला कांहीं झालें नाहीं, असें म्हणाला तरी त्याच्या शब्दावर न राहतां त्यास लागलीच डॉक्टरकडे न्यावें. त्याचें शरीर अजून संकटाच्याच हिशेबानें चाललेलें असूं शकतें आणि खरी वेदना कांहीं तासांनीं वर येते. आणि कोणी भीतीनें वा रागापुढें गप्प झाला असेल, तर त्याला त्याच क्षणीं, तूं बोललास कां नाहींस, असें विचारूं नये. जवळ बसावें, पाणी द्यावें, धोका टळला आहे हें त्याच्या शरीरास पटूं द्यावें. बोलणें मग आपोआप येतें. आणि आलें म्हणजे तें ऐकून घेण्यास घरांत कोणीतरी मोकळें असावें.